हामाचा शाप मागे घ्या : अमेरिकेतल्या मराठी मंडळ्यांच्या पाळकांना खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, वडीलजन आणि संडे स्कूलच्या ताई-दादांनो,

ख्रिस्तात सलाम.

मी नगरकडची, नर्सची नोकरी करून रिटायर झालेली, फिलाडेल्फियात राहते. लेकीने ब्लॅक मुलाशी लग्न केलंय, जावई गुणाचा आहे, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला लेकीपेक्षा जास्त त्यानेच केलं. त्यांची मुलगी नऊ वर्षांची. मी तिला मराठी कानावर पडावं म्हणून महिन्यातून एकदा मराठी फेलोशिपला घेऊन जाते. कुठल्या ते लिहित नाही, कारण हे एका ठिकाणचं नाहीये, तीन ठिकाणी मी हेच ऐकलंय आणि व्हॉट्सॲपवर तर दर दोन महिन्यांनी फिरत येतं.

झालं असं की संडे स्कूलमधे नोहाचा धडा होता. तारू झालं, कबुतर झालं, इंद्रधनुष्य झालं, आणि मग शिकवणाऱ्या भाऊंनी पुढे सांगितलं की नोहाला तीन मुलं, त्यातल्या हामाला शाप मिळाला आणि त्याचे वंशज म्हणजे आफ्रिकेचे लोक, म्हणून ते काळे आणि म्हणून ते गुलाम झाले. भाऊ वाईट नाहीत. त्यांना लहानपणी कोणीतरी असंच शिकवलं असणार. पण माझी नात तिथे तिसऱ्या रांगेत बसली होती.

गाडीत बसली, बेल्ट लावला, आणि अर्धा रस्ता काही बोललीच नाही, एरवी ही पोर तोंड मिटत नाही. मग म्हणाली, आज्जी, डॅडीला शाप आहे का? आणि थोड्या वेळाने, म्हणजे मला पण अर्धा?

मी गाडी बाजूला घेतली. काय उत्तर दिलं ते धड आठवत नाही, जवळ घेतलं एवढं आठवतं. पण उत्तर मी देऊन भागणार नाहीये म्हणून हे पत्र.

आधी वचनच काढा. उत्पत्ती, नववा अध्याय. पहिल्याच वचनात देव नोहाला आणि त्याच्या मुलांना आशीर्वाद देतो, त्यात हाम आहे. पुढे नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडतो, उठल्यावर त्याला कळतं काय झालं ते आणि तो शाप देतो. नोहा देतो, देव नाही. आणि कोणाला देतो? कनानाला, हामाच्या मुलाला. हामाला शाप दिल्याचं वाक्यच तिथे नाहीये. ज्या कूशाला आफ्रिकेशी जोडतात तो कनानाचा भाऊ, त्याला कोणी काही म्हणालेलं नाही. रंगाचा तर एक शब्द नाही. दहा मिनिटांचं वाचन आहे हो हे. आणि ह्या एवढ्याशा जागेत नसलेली गोष्ट घुसडून अमेरिकेतल्या साउथच्या पाळकांनी पिढ्यान् पिढ्या माणसं विकायला धर्माची सही दिली. तीच सही आपण नगर, जालना, पुण्याहून येऊन, इथे मुलांच्या वर्गात परत देतोय.

आपण! ज्यांच्या आज्या-पणज्यांना सांगितलं होतं की तुमचा जन्मच खालचा, आणि तेही शास्त्राचा आधार देऊन. माझे पणजोबा महारवाड्यातले. मिशनच्या शाळेत त्यांना बाकावर बसू दिलं, ते आमच्या घरात अजून सांगतात, बाप्तिस्म्यापेक्षा जास्त त्या बाकाचं सांगतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली गुलामगिरी लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना ज्यांनी ब्लॅक गुलामांना सोडवायचं काम केलं. त्यांना पुण्यात बसून नातं दिसलं, आणि आपल्याला इथे एकाच बसमधे शेजारी बसून दिसत नाही, हे मला सोसत नाही.

आता माझ्या विहीणबाईंबद्दल सांगते कारण हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले.

विहीणबाई मूळच्या साउथ कॅरोलायनाच्या, लहानपणी आईबापांबरोबर फिलाडेल्फियाला आल्या. त्यांच्या चर्चच्या तळघरात दर बुधवारी संध्याकाळी बायबल स्टडी असतो, बारा-पंधरा बायका, दोन-तीन पुरुष, फोल्डिंगच्या खुर्च्या, कॉफीचा मोठा थर्मास. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं मला बायबल येतं, मी तर मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, वचनं पाठ. विहीणबाई उतारा वाचायच्या आधी एकच प्रश्न विचारतात, ह्या गोष्टीत मार कोणाला बसला? मग वाचतात.

त्या दिवशी हागार होती, उत्पत्ती सोळा. मी आयुष्यभर ती गोष्ट अब्राहामाच्या बायकोची, सारेची गोष्ट म्हणून ऐकली होती (ह्या अध्यायात त्यांची जुनी नावं आहेत, अब्राम आणि साराय), मूल नव्हतं, विश्वास कमी पडला, मग इसहाक झाला, आनंद. हागार म्हणजे मधली अडचण. आपल्या मराठीत ती दासी आहे, आणि दासी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे गोष्टीतली राणी आणि तिची दासी येते. विहीणबाईंनी साध्या शब्दात सांगितलं, ही मिसरची मुलगी, विकत आणलेली, तिला कोणी विचारलं नाही की तुला ह्या म्हाताऱ्याचं मूल हवंय का. खोलीत कोणी हललं नाही. एक बाई, सत्तरीच्या असतील, हळूच म्हणाल्या, माझ्या आईच्या आजीचं नाव हागार होतं. एवढंच. बाकी काही सांगावं लागलं नाही तिथे कोणाला.

आणि मग पुढचं. हागार पळून जाते, रानात झऱ्याजवळ बसते, तिथे देवाचा दूत तिला नावाने हाक मारतो. अब्राम आणि साराय तिचं नाव घेतच नाहीत, पाहा उघडून, ते दासी म्हणतात. आणि ती देवाला नाव देते, मला पाहणारा देव. बायबलमधे देवाला नाव देणारी पहिली व्यक्ती ही गुलाम बाई आहे. मी पन्नास वर्षं हे पुस्तक वाचतेय आणि मला हे त्या तळघरात कळलं.

विहीणबाई गोड करून सांगत नाहीत पण. दूत हागारेला परत जा म्हणतो, मालकिणीच्या हाताखाली राहा म्हणतो, तेही त्या वाचतात, आणि म्हणतात इथे मला त्रास होतो आणि मी तो लपवणार नाही. डेलोरेस विल्यम्स नावाच्या ब्लॅक विदुषी होत्या, त्यांनी नव्वदच्या दशकात हेच मांडलं, की हागारेला देव मोकळं करत नाही, तो तिला जगायला शिकवतो, पाण्याची विहीर दाखवतो, आणि ब्लॅक बायकांच्या पिढ्या अशाच जगल्यात, सुटका नाही पण विहीर सापडली. मला आधी हे पटेना, देवाबद्दल असं कसं बोलायचं. आता वाटतं की दुखतंय तिथे दुखतंय म्हणायची मुभा नसेल तर ते वाचन कशाला म्हणायचं, नुसतं पाठांतर.

तुम्ही म्हणाल बायबल तर सगळ्यांना सारखंच आहे, ब्लॅक बायबल आणि मराठी बायबल असं वेगळं कुठे असतं. असतं हो. होतं. १८०७ साली लंडनमधे एक बायबल छापलं, खास वेस्ट इंडीजच्या ब्रिटिश बेटांवरच्या गुलामांसाठी. आपल्या बायबलचे ११८९ अध्याय, त्यात ठेवले फक्त २३२. योसेफ ठेवला, कारण तो गुलाम होऊन इमानदारीने राहिला. मोशेने लोकांना मिसरातून बाहेर काढलं ते सगळं कापलं. गलतीकरांतलं ते वचन, दास नाही स्वतंत्र नाही तुम्ही सगळे ख्रिस्तात एक, ते काढलं. प्रकटीकरण पूर्ण काढलं. ह्याची एक प्रत नॅशव्हिलच्या फिस्क युनिव्हर्सिटीकडे आहे, २०१८ मधे वॉशिंग्टनला प्रदर्शनात ठेवली होती, मी आणि विहीणबाई बसने गेलो होतो बघायला. काचेच्या आत लहानसं पुस्तक. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, एवढे घाबरले होते बघ ते ह्या पुस्तकाला.

पानं कापून सुद्धा जमलं नाही त्यांना. लोकांनी ऐकून ऐकून पाठ केलं, रात्री झाडीत, झोपडीत जमून प्रार्थना केली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दारात लोखंडी भांडं पालथं घालायचे, आवाज त्यात अडकतो म्हणून. पालथं भांडं! मी आपली नगरची, भांडी घासून मोठी झालेली, मला हे ऐकून रात्री झोप लागली नाही. आणि १८३३ मधे जॉर्जियात एक गोरे पाळक, चार्ल्स कोलकॉक जोन्स, गुलामांपुढे फिलेमोनाचं पत्र, म्हणजे प्रेषित पौलाने एका गुलामाच्या मालकाला लिहिलेलं, घेऊन बसले आणि पौलाचा हवाला देऊन म्हणाले मालकाला सोडून पळणं पाप आहे, तर अर्धी सभा उठून सरळ चालती झाली. जोन्सनी स्वतःच लिहून ठेवलंय. काहींनी तोंडावर सांगितलं, असलं पत्र बायबलमधे नाहीच. ज्यांना वाचायला शिकवायची कायद्याने बंदी होती त्या लोकांना देवाचा आवाज कुठला आणि मालकाचा कुठला हे बरोबर कळत होतं.

हॉवर्ड थर्मन, मोठे ब्लॅक पाळक, १९३६ मधे बारडोलीला गांधीजींना भेटून गेलेले, ते आपल्या आजीला बायबल वाचून दाखवायचे कारण ती गुलामीत जन्मलेली, तिला वाचता येत नव्हतं. ती स्तोत्रं वाच म्हणायची, यशया वाच, शुभवर्तमानं वाच, पण पौल नको, करिंथकरांसचा प्रेमाचा अध्याय तेवढा वाच. मोठं झाल्यावर त्यांनी कारण विचारलं. ती म्हणाली, मालकाचा पाळक वर्षातून तीन-चार वेळा एकच वचन घ्यायचा, दासांनो आज्ञा पाळा, आणि मी तेव्हाच देवाला शब्द दिला होता की कधी सुटले आणि वाचायला शिकले तर तो भाग वाचणार नाही.

आपल्याकडे दास शब्द भक्तीचा झालाय, देवाचा दास, रामदास, म्हणून इफिसकरांसमधलं ते वाचताना आपल्याला चाबूक ऐकू येत नाही. पाळकसाहेब, तुमच्या समोर एक जरी ब्लॅक माणूस बसलेला असेल, सून असेल, जावई असेल, मुलाचा मित्र असेल, त्याला तो ऐकू येतो. निदान थांबून दोन वाक्यं बोला.

शनिवारी रात्री मी नातीचे केस विंचरते. विहीणबाईंनीच शिकवलंय, आधी ओले करायचे, मग मोठ्या दाताचा कंगवा, टोकाकडून वर, चार भाग, प्रत्येक भागाला खोबरेल, आणि मग बारीक बारीक वेण्या. दोन-अडीच तास जातात. विहीणबाई वेणी घालताना लूकचं वचन म्हणतात, तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत. मी हे वचन काळजी करू नका अशा अर्थानेच ऐकलेलं. ज्या पोरीला शाळेत विचारतात हे केस खरे का, हात लावू का, तिला आजी वेणी घालता घालता सांगते की देवाने हेच केस एकेक करून मोजलेत, ते वचन तिच्या डोक्यात बोटांनी जातं. मी तर म्हणेन ह्याच्याहून चांगलं प्रवचन मी ऐकलं नाही.

त्याच रात्री मी तिला गीतरत्न काढून दिलं, पहिला अध्याय, पाचवं वचन. ती इंग्लिशमधे वाचते. जुन्या किंग जेम्स भाषांतरात आहे, मी काळी आहे पण सुंदर. नव्या एका भाषांतरात आहे, मी काळी आणि सुंदर. ती म्हणाली आज्जी कुठलं खरं? मी पाळकांना, पुस्तकांना विचारून पाहिलं. हिब्रूत तिथे एकच अक्षर आहे, वाव, शब्दाला चिकटलेलं, त्याचा 'आणि' पण होतो आणि 'पण' पण होतो. 'पण' कोणी निवडला? भाषांतर करणाऱ्याने निवडला. आणि मला आपल्या लग्नाच्या जाहिराती आठवल्या, रंग सावळा पण नाकीडोळी नीटस. माझी स्वतःची तशीच आली होती, १९८१ मधे, वडिलांनीच लिहिलेली. चाळीस वर्षं तो 'पण' माझ्या अंगाला चिकटून होता आणि मला माहीत पण नव्हतं. नातीला म्हटलं, 'आणि'. आपण 'आणि' वाचायचं.

आणि ते फेलोशिपच्या हॉलमधलं चित्र. सोनेरी छटेच्या केसांचा येशू, मान जराशी वर, उजेड चेहऱ्यावर. वॉर्नर सॉलमन ह्या शिकागोच्या चित्रकाराने १९४० मधे काढलेलं, मग कोट्यवधी प्रती निघाल्या, आमच्या नगरच्या घरात पण होतं, मी त्याच्यापुढे गुडघे टेकून वाढले आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे. फेकून द्या म्हणत नाही. पण शेजारी दुसरं एखादं लावा, मुलांना कळू दे की हा एका माणसाने काढलेला चेहरा आहे. रंगवायच्या कागदावर माझ्या नातीने येशूला ब्राउन रंगवलं तर एका ताईंनी प्रेमाने तिच्या हातात दुसरा खडू दिला. हा घे, स्किन कलर. कोणाची स्किन?

अजून एक अवघड बोलायचंय. क्षमा. १७ जून २०१५, बुधवारच होता, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल ह्या ब्लॅक चर्चमधे बायबल स्टडी चालू होता, मार्कचा चौथा अध्याय, पेरणाऱ्याचा दाखला. एक गोरा मुलगा आला, त्यांनी त्याला जागा दिली, तो तासभर बसला आणि मग त्याने नऊ जणांना मारलं. विहीणबाईंचं माहेर त्या बाजूचं, त्या आठवड्यात त्या जेवल्या नाहीत. दोन दिवसांनी कोर्टात काही नातेवाईकांनी त्याला क्षमा केली आणि जगभर त्याचं कौतुक झालं, आपल्या फेलोशिपमधे पण प्रवचन झालं, बघा ही खरी ख्रिस्ती क्षमा. मी त्या नातेवाईकांपुढे नम्र आहे, तो त्यांचा अधिकार. पण विहीणबाई मला म्हणाल्या, आम्ही क्षमा केली की तुम्ही सगळे किती पटकन बरे होता. मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या बुधवारी त्यांनी क्षमेचा उतारा घेतला नाही. त्यांनी दुसरं शमुवेल, एकविसावा अध्याय घेतला, रिस्पा. आपल्या मंडळीत कधी ऐकलंय? मी नाही. राजकारणासाठी तिची दोन मुलं मारून डोंगरावर टांगली, आणि ती आई गोणपाट घेऊन खडकावर जाऊन बसली, हंगामाच्या सुरुवातीपासून पाऊस पडेपर्यंत, दिवसा पाखरं हाकलायची, रात्री जनावरं. भाषण नाही, काही नाही. शेवटी राजा दाविदाला कळलं आणि त्याला हाडं गोळा करून नीट पुरावी लागली. ब्लॅक चर्चमधे रिस्पा म्हटलं की मेमी टिल आठवते. १९५५ मधे मिसिसिपीत तिच्या चौदा वर्षांच्या एमेटला मारलं, आणि तिने शिकागोत पेटी उघडी ठेवली, सगळ्यांनी बघावं म्हणून. हजारोंनी रांग लावली. ती पण पाखरं हाकलतच होती.

विहीणबाई होल (whole) शब्द फार वापरतात. किंग जेम्समधे येशू त्या रक्तस्रावाच्या बाईला म्हणतो तुझ्या विश्वासाने तुला होल केलंय. आपण बरं केलंय वाचतो. मी नर्स, मला बरं म्हणजे काय माहीत आहे, टाका भरला, ताप उतरला, डिस्चार्ज. होल म्हणजे अख्खं. आणि मार्कचा पाचवा अध्याय नीट पाहा, ती बाई आधी सगळी खरी हकीकत सांगते, बारा वर्षांची, आणि येशू उभा राहून ऐकतो, तिकडे याईराची मुलगी मरायला टेकलीये, लोक घाई करतायत, तरी ऐकतो. तेव्हा अख्खं. यिर्मया विचारतो गिलादात औषध नाही काय, आणि गुलामांनी त्याचंच गाणं केलं, प्रश्न काढून टाकला, आहे म्हणाले. त्यांनी आहे म्हटलं ते सगळं सोसून झाल्यावर म्हटलं, कोणी दटावून म्हणायला लावलं म्हणून नाही.

आपल्यातल्या बऱ्याच मंडळ्या पेंटेकॉस्टल वळणाच्या. १९०५ मधे पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधे आत्म्याचा वर्षाव झाला ते आपण अभिमानाने सांगतो. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसला अझुसा स्ट्रीटवर जे तसंच जागरण झालं, ज्यातून जगभर मंडळ्या उभ्या राहिल्या, त्याचे पुढारी विल्यम सेमूर, गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा. शापित वंश म्हणताना त्यांची आठवण ठेवा.

तर माझं मागणं. गणना, बारावा अध्याय. मोशेने कूशी बाई केली म्हणून त्याची भावंडं मिर्याम आणि अहरोन घरात कुजबुजले. माझ्या लेकीच्या लग्नात आमच्याकडेही झालं, मी पण केलं, ते मी लेकीपुढे कबूल केलंय आणि आता तुमच्यापुढे करते. देव त्या कूशी बायकोला काही म्हणाला नाही. त्याने मिर्यामेला बोलावलं आणि तिचं अंग बर्फासारखं पांढरं झालं. आणि ज्याच्याबद्दल बोलले त्या मोशेनेच प्रार्थना केली, देवा हिला बरी कर. सात दिवस ती छावणीबाहेर, आणि सगळे लोक थांबले, तिला आत घेतल्याशिवाय तळ हलवला नाही.

हा अध्याय येत्या रविवारी मोठ्यांच्या उपासनेत वाचा. विहीणबाईंना बोलवा, त्या यायला तयार आहेत, मी मराठीत सांगत जाईन. आणि संडे स्कूलमधे त्या भाऊंनी स्वतः, पाळकांनी नाही, त्याच मुलांपुढे उत्पत्ती नऊ उघडून सांगावं की मी चुकीचं शिकवलं होतं. मी त्यांना आधी फोन करेन, पाहिजे तर वर्गात शेजारी बसेन. नात येणार आहे, तिसऱ्या रांगेत, खिडकीकडून दुसरी खुर्ची. तिने मला परवा परत विचारलं, ते अंकल काय म्हणाले? मी सांगितलंय, ते तुलाच सांगतील.

तुमची बहीण,
एक आज्जी, फिलाडेल्फिया